लांबलचक स्पॅनिश शब्द कसा तोडायचा, जोर कुठे द्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझ्या घरी रविवारी सकाळी स्पॅनिशचा छोटा वर्ग भरतो. कॉलेजची मुलं येतात, टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यांत काम करणारे येतात, दोन निवृत्त शिक्षकही येतात. सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. सात-आठ सिलॅबलचा, म्हणजे बोलताना सात-आठ तुकडे पडणारा, शब्द समोर आला की पहिल्या दोन तुकड्यांनंतर जीभ अडखळते आणि जोर जिथे जमेल तिथे पडतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

स्पॅनिश शब्द देवनागरीत का लिहिलेत? खुणा कशा वाचायच्या?

कारण हा प्रश्न आधी कानाचा आहे, मग डोळ्याचा. आडवी रेघ म्हणजे शब्द तोडायची जागा. चौकटी कंसातल्या तुकड्यावर जोर. पाय मोडलेलं अक्षर दिसलं की सिलॅबल तिथे व्यंजनावर बंद झालं असं समजा. इ आणि उ मी सगळीकडे ह्रस्वच लिहिले आहेत. शुद्धलेखनाची सवय असलेल्यांना ते खटकेल, पण स्पॅनिशमध्ये ह्रस्व-दीर्घ भेदच नाही, आणि 'री' दिसली की आपण ती हमखास लांबवतो.

'ख' जिथे आहे तिथे तो घशातून घासत काढायचा. 'स' मी लॅटिन अमेरिकेच्या पद्धतीने लिहिला आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत त्यातले काही 'स' जीभ दातांत धरून, 'थ'च्या जवळ बोलतात. तोडणं आणि जोर दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. त आणि द मात्र आपले मराठी दंत्यच; इंग्रजी शाळेतून आलेला ट-ड इथे आणू नका.

सिलॅबल म्हणजे आपलं अक्षरच ना?

नाही, आणि निम्म्या चुका इथेच होतात.

आपली लिपी जोडाक्षर पुढच्या स्वराला बांधून लिहिते. 'पुस्तक' लिहिताना आपण पु, स्त, क अशी तीन अक्षरं मांडतो. बोलताना मात्र पुस्-तक असे दोनच तुकडे पडतात. पहिल्या दिवशी मी वर्गाला 'क्षण' या अर्थाचा 'इन्स्तान्ते' हा शब्द तोडायला देते. बहुतेक वह्यांत इ-न्स्ता-न्ते असं उत्तर येतं. लिपीच्या हिशेबाने त्यात चूक नाही, पण असे तुकडे स्पॅनिश बोलणाऱ्याच्या तोंडी येत नाहीत. तो म्हणतो इन्स्-[तान्]-ते.

आता याची दुसरी बाजू. ज्यांनी शाळेत वृत्तं केली आहेत, लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडले आहेत, त्यांना यातलं जवळजवळ सगळं आधीच येतं. 'पुस्तक' मधला 'पु' ह्रस्व असून गुरू का धरतो? जोडाक्षराचा आघात मागे येतो म्हणून. म्हणजे स् मागच्या 'पु'ला जाऊन चिकटतो. आणि 'तुम्ही' मधला 'तु' लघुच का राहतो? 'म्ही'चा आघात मागे येत नाही म्हणून. तिथे तु-म्ही असंच तुटतं. स्पॅनिशमध्ये हाच खेळ आहे. काही व्यंजनजोड्या मधोमध फुटतात, काही अख्ख्या पुढे जातात. 'यमाताराजभानसलगा' पाठ केलेल्या माणसाचा कान तयार असतो. त्याने फक्त डोळ्यापेक्षा कानावर विश्वास ठेवायचा.

अनुस्वार आपल्या बाजूने आहे. 'तांदूळ' लिहिताना आपण तो मागच्या अक्षरावर देतो आणि बोलतोही तान्-दूळ. म्हणून आर्-खेन्-[ति]-ना (अर्जेंटिना) तोडताना कुणी चुकत नाही.

लांब शब्द हातात आला की सुरुवात कुठून करू?

स्वरांपासून. व्यंजनांकडे आधी बघूच नका.

आमच्या वर्गात टेबलावर शेंगदाण्यांची वाटी असते. शब्दातल्या प्रत्येक स्वराला एक दाणा ओळीने मांडायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे तो घ्या: ओतोर्रिनोलारिन्गोलोगो. रोमन लिपीत १९ अक्षरं भरतात. स्वर उचला: ओ, ओ, इ, ओ, आ, इ, ओ, ओ, ओ. नऊ दाणे, म्हणजे नऊ सिलॅबल. आता मधली व्यंजनं वाटायची. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराचं, याला अपवाद नाही. जाड 'र्र' रोमनमध्ये दोन अक्षरांनी लिहितात, पण ते एकच व्यंजन, त्यामुळे तेही अख्खं पुढे. एकच जोडी उरते, न् आणि ग, ती फुटते. हाती येतं:

ओ-तो-र्रि-नो-ला-रिन्-[गो]-लो-गो

जोराचा दाणा बोटभर पुढे सरकवायचा, आणि मग शब्द शेवटाकडून बांधत यायचं. आधी नुसतं [गो]-लो-गो. मग रिन्-[गो]-लो-गो. मग ला-रिन्-[गो]-लो-गो. असं मागे मागे जात शेवटी पहिला 'ओ' लावायचा. सुरुवातीकडून पाठ केलं की शेवटाला दम संपतो आणि नेमका जोराचा भाग ढिला पडतो. शेवटाकडून बांधलं की प्रत्येक वेळी जोर पहिल्यांदा तोंडात बसतो. माझ्या अनुभवात याहून खात्रीची युक्ती नाही.

दोन व्यंजनं शेजारी आली तर कुठे तोडायचं?

मधोमध. [इस्]-ला (बेट), आल्-गो-[दोन्] (कापूस), फार्-[मा]-स्या (औषधांचं दुकान).

न फुटणाऱ्या जोड्या फक्त बारा आहेत. प, ब, क, ग, फ यांच्यापुढे ल किंवा र. आणि त, द यांच्यापुढे र. [लि]-ब्रो (पुस्तक) म्हणायचं, लिब्-रो नाही. पूर्वप्रत्ययाचा सांधा स्पष्ट ऐकू येतो तिथे क्वचित अपवाद होतो: सुब्-र्रा-[यार्] (अधोरेखित करणं) मधला 'सुब्' वेगळाच राहतो.

एक सावधगिरी. देवनागरीत मी 'एस्-[पा]-न्या' लिहिते तेव्हा 'न्या' जोडाक्षर दिसतं. स्पॅनिशमध्ये तिथे डोक्यावर नागमोडी खूण असलेलं एकच अक्षर आहे. ते फुटण्याचा प्रश्नच नाही.

तीन किंवा चार व्यंजनं असतील तर?

त्यातल्या शेवटच्या दोघांची वरच्या बारांपैकी जोडी जमते का बघा. जमत असेल तर ती जोडी पुढे, उरलेलं मागे: [ओम्]-ब्रे (माणूस), आब्स्-[त्राक्]-तो (अमूर्त), कोन्स्-त्रुक्-[स्योन्] (बांधकाम). जमत नसेल तर फक्त शेवटचं व्यंजन पुढे, जसं इन्स्-[तान्]-ते, त्रान्स्-[पोर्]-ते. संपलं.

दोन स्वर शेजारी आले तर ते एक सिलॅबल की दोन?

या प्रश्नावर थोडं थांबू या, कारण लांब शब्दाची मोजणी बहुतेक वेळा इथेच चुकते.

स्पॅनिश स्वर पाच. आ, ए, ओ हे बळकट. इ, उ हे दुबळे. दोन बळकट स्वर कधीच एका सिलॅबलमध्ये राहत नाहीत: तो-[आ]-या (टॉवेल), पो-[ए]-ता (कवी). विमानतळाला आ-ए-रो-[प्वेर्]-तो म्हणतात. तिथे पहिले दोन तुकडे नुसते स्वरांचे आहेत.

दुबळा आणि बळकट शेजारी आले, किंवा दोन वेगळे दुबळे शेजारी आले, की ते मिसळून एक होतात. कसे? शाळेत शिकलेली यण् संधी आठवा. इति अधिक आदि, इत्यादि. सु अधिक आगत, स्वागत. इचा य होतो, उचा व होतो आणि दोन स्वरांच्या जागी एकच उच्चार उरतो. स्पॅनिशमध्येही तसंच: ना-[स्योन्] (राष्ट्र), [आ]-ग्वा (पाणी), स्यु-[दाद्] (शहर). दुबळा स्वर मागून आला तरी तेच, फक्त य-व शेवटी बसतात: पाय्-[सा]-खे (निसर्गदृश्य), [काव्]-सा (कारण). कधी दोन दुबळ्यांच्या मधोमध एक बळकट सापडतो आणि तिघे मिळून एकच सिलॅबल होतात. आपल्याला रोजच्या बातम्यांतून माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पा-रा-[ग्वाय्].

संधी एकाच गोष्टीने अडते. दुबळ्या इ-उच्या डोक्यावर जोराची तिरकी रेघ असेल तर तो स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि शब्दाला एक सिलॅबल जास्त मिळतं. पा-[इस्] (देश) आणि पाय्-[सा]-खे एकाच मुळाचे शब्द आहेत, पण पहिल्यात इवर रेघ आहे, दुसऱ्यात नाही. बेकरी म्हणजे पा-ना-दे-[रि]-आ, रेघ आहे. फार्-[मा]-स्या, रेघ नाही. दुकानाच्या पाटीवरच्या त्या बारीकशा रेघेवरून कळतं की शेवटी दोन तुकडे म्हणायचे की एक.

जोर कुठे पडतो, याचा नियम काय?

नेहमी शेवटाकडून मोजा. रेघ दिसली तर तिथेच जोर, पुढचं काही वाचायची गरज नाही. रेघ नसेल तर शब्दाचं शेवटचं अक्षर बघा.

शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर: का-[मि]-सा (शर्ट), [खो]-बेन् (तरुण), [लु]-नेस् (सोमवार). दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर जोर शेवटच्या सिलॅबलवर: ते-[लार्] (माग), ते-खे-[दोर्] (विणकर), रेस्-पोन्-सा-बि-लि-[दाद्] (जबाबदारी).

एन आणि एस यांनाच ही सवलत का, असं विचारतात. क्रियापदाचं रूप बदलताना आणि नामाचं अनेकवचन करताना शब्दाच्या शेवटी हीच दोन अक्षरं लागतात. [कान्]-ता (गातो), [कान्]-तास् (तू गातोस), [कान्]-तान् (ते गातात): शेवट बदलला, जोर हलला नाही, आणि रेघ द्यायचं कामही पडलं नाही.

लॅटिन अमेरिकेचा उच्चार ऐकून शिकणाऱ्यांनी एक जपा. फे-[लिस्] (आनंदी), आ-[र्रोस्] (तांदूळ) यांच्या शेवटी कानाला 'स्' येतो, पण लिहिताना तिथे झेड आहे, म्हणून जोर शेवटी. शेवटी वाय असेल तर तोही या हिशेबात व्यंजनच धरतात, त्यामुळे पा-रा-[ग्वाय्] ला रेघ लागत नाही.

जाता जाता: 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याचा स्पॅनिश भाऊ पा-[गार्], म्हणजे पैसे देणं. शेवटी आर, म्हणून जोर शेवटी. मराठीतही 'पगार' म्हणताना वजन 'गार' वरच असतं. हा एक शब्द लक्षात ठेवला तरी शेवटी आर असलेली शेकडो क्रियापदं तोंडात नीट बसतात.

ती तिरकी रेघ गाळली तर काय बिघडतं?

मला ते नीट शिकायला एक फोन लागला. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्यासाठी मी फोनवर दुभाष्याचं काम करत होते. पलीकडे मेक्सिकोचे ग्राहक. पलंगावर अंथरायच्या चादरीला स्पॅनिशमध्ये [सा]-बा-ना म्हणतात. पहिल्या 'सा'वर रेघ आहे. समोरच्या कागदावर कुणीतरी ती रेघ न देता शब्द टाइप केला होता. मी नियमाप्रमाणे, शेवटी स्वर म्हणून, सा-[बा]-ना वाचत गेले. आकार, रंग, वजन, सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग त्या बाईंनी सावकाश विचारलं, "गवताळ प्रदेशाबद्दल बोलताय का?" सा-[बा]-ना म्हणजे आफ्रिकेतला सव्हाना. त्या दिवसापासून मी आधी रेघ पाहते, मग शब्द वाचते.

(आपली जाड सोलापुरी चादर, जी आपण थंडीत अंगावर लपेटून घेतो, ती खरं तर [मान्]-ता या शब्दाच्या जास्त जवळ जाते. विकणाऱ्यांनी हाही फरक लक्षात घ्यावा.)

रेघेने अर्थ बदलणारे शब्द भरपूर आहेत. [तेर्]-मि-नो म्हणजे संज्ञा किंवा मुदत, तेर्-[मि]-नो म्हणजे मी संपवतो, तेर्-मि-[नो] म्हणजे त्याने संपवलं. अक्षरं तीच, तुकडे तेच, फक्त जोराची जागा फिरली. लॅटिन अमेरिकेत [पा]-पा म्हणजे बटाटा आणि पा-[पा] म्हणजे बाबा.

सगळा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला तरी रेघ द्यायचीच. 'कॅपिटलमध्ये चालतं' हा गैरसमज आहे.

जोर म्हणजे तो स्वर दीर्घ करायचा का?

नाही. [सा]-बा-ना मधला 'सा' जरा ठळक, जरा उंच सुरात, किंचित लांब निघतो, पण तानेसारखा ओढायचा नाही. ह्रस्व-दीर्घाची सवय असल्यामुळे आपण जोर ऐकला की 'साऽबाना' करतो.

त्याहून मोठं नुकसान इंग्रजीच्या सवयीने होतं. इंग्रजीत जोर नसलेले स्वर विरघळून जातात. 'फोटोग्राफी' इंग्रजी वळणाने म्हणून बघा, पहिला 'फो' जेमतेम उरतो. स्पॅनिशमध्ये फो-तो-ग्रा-[फि]-आ मधला प्रत्येक स्वर स्वच्छ, पूर्ण ऐकू यायला हवा. छायाचित्रकार म्हणताना जोर मागे सरकतो, फो-[तो]-ग्रा-फो, पण एकही स्वर पुसट होत नाही. या बाबतीत मराठी बोलणाऱ्याला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं. आपण आपल्या भाषेचे स्वर वापरले तरी पुरे.

आमच्या घरी तेलुगू बोलतात (किंवा कन्नड). त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि तो आधीच कळला तर बरं. सोलापूरच्या पूर्व भागातली विणकर घरांतली मुलं वर्गात असतात, अक्कलकोट बाजूची कन्नड बोलणारीही असतात. दोन्ही भाषांना शब्द स्वरावर संपवायला आवडतो. बसचं बस्सु, कारचं कारु होतं. त्या सवयीने स्यु-[दाद्] चं 'स्युदादु' झालं की शब्दाला एक सिलॅबल जास्त लागतं, शेवटाकडून केलेली मोजणी एका घराने सरकते आणि जोर चुकतो. उपाय सोपा आहे: शेवटच्या व्यंजनावर जीभ टेकवून क्षणभर तिथेच ठेवायची, उचलायची नाही. 'दाद्' मधला शेवटचा द् स्पॅनिश माणसं स्वतःही फार हळू म्हणतात, कधी जेमतेम. त्यामुळे तो कमी ऐकू आला तर चालेल, त्याच्यामागे 'उ' मात्र नको.

उलट एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या पथ्यावर पडते. माझी आजी स्टेशनला 'इस्टेशन' म्हणायची आणि आम्ही तिला सुधारायचो. स्पॅनिश भाषेने नेमकं तेच केलं आहे: एस्-ता-[स्योन्] (स्टेशन), एस्-[क्वे]-ला (शाळा). शब्दाच्या सुरुवातीला स् आणि त्याला लागून दुसरं व्यंजन ही भाषा खपवून घेत नाही, पुढे 'ए' लावते, आणि मग स् त्या 'ए'ला चिकटून स्वतंत्र सिलॅबल होतं.

अनेकवचन केल्यावर जोर हलतो का?

जवळजवळ कधीच नाही. जोर जागेवर राहतो, म्हणूनच रेघ मात्र कधी येते, कधी जाते. एस्-ता-[स्योन्] ला रेघ आहे. एस्-ता-[स्यो]-नेस् ला नाही, कारण आता जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणजे नियमाच्या जागी आला. [खो]-बेन् ला रेघ नाही. [खो]-बे-नेस् ला आहे, कारण जोर शेवटून तिसऱ्यावर गेला.

खरोखर जोर हलणारे नेहमीचे शब्द तीन: का-[राक्]-तेर् चं का-राक्-[ते]-रेस् (स्वभाव), [रे]-खि-मेन् चं रे-[खि]-मे-नेस् (राजवट), आणि एस्-[पे]-सि-मेन् चं एस्-पे-[सि]-मे-नेस् (नमुना). हे सरळ पाठ करा.

'मेन्ते' ने संपणाऱ्या शब्दांत दोन जोर का ऐकू येतात?

कारण ते दोन शब्दांचं बिऱ्हाड आहे. विशेषण आपला जोर आणि आपली रेघ घेऊन येतं, 'मेन्ते' आपला जोर आणतं. [रा]-पि-दा-[मेन्]-ते (झटपट). विशेषणाला रेघ असेल तर राहते, नसेल तर नवी येत नाही. दोन जोर असलेली शब्दांची ही एकच मोठी जमात आहे, आणि लांब शब्द पुष्कळदा हिच्यातलेच निघतात.

क्रियापदाला शेपट्या जोडल्यावर काय होतं?

जोर जिथे होता तिथेच. शब्द मात्र मागून वाढत जातो, त्यामुळे शेवटून मोजल्यावर जोर तिसऱ्या-चौथ्या घरात जातो आणि रेघ द्यावी लागते. एक्स्-[प्लि]-का (समजावून सांग), एक्स्-[प्लि]-का-मे (मला समजावून सांग), एक्स्-[प्लि]-का-मे-लो (मला ते समजावून सांग).

न उच्चारलेली अक्षरं मोजायची का?

नाही. एच नेहमी मुका असतो आणि स्वरांच्या हिशेबात तो नाहीच असं धरायचं. घुबडाला [बु]-ओ म्हणतात. लिहिताना मध्ये एच आहे, तरी दुबळ्या उवर रेघ द्यावीच लागते. वाहन म्हणजे बे-[इ]-कु-लो, तिथेही तेच. [गे]-र्रा (युद्ध) मधला यू मुका. पिन्-[ग्वि]-नो मध्ये त्या यूवर दोन टिंबं असतात, म्हणून तो बोलतो.

सिलॅबल मोजणं आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडणं एकच का?

साधारण एकच, पण लिहिताना दोन बंधनं जास्त. एकटा स्वर ओळीच्या शेवटी सोडायचा नाही, आणि शेजारचे दोन स्वर वेगवेगळ्या सिलॅबलमधले असले तरी ओळ मोडताना त्यांच्यामध्ये तोडायचं नाही. बोलताना तो-[आ]-या हे तीन तुकडे; ओळ मोडताना मात्र फक्त 'तोआ' नंतर तोडता येतं.

स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत शब्द वेगळे तुटतात का?

किरकोळ. नेहमीचं उदाहरण 'खेळाडू' या अर्थाचा शब्द: स्पेनच्या बहुतेक भागांत आत्-[ले]-ता, मेक्सिकोत आ-[त्ले]-ता. दोन्ही बरोबर. काही स्वरजोड्या कुणी एका दमात म्हणतात, कुणी दोन तुकड्यांत. संहिता किंवा जोडरेघ या अर्थाचा शब्द कुणी 'ग्योन्' असा एकाच तुकड्यात म्हणतात, कुणी गि-[ओन्] असा दोन. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पेनच्या शाही भाषा अकादमीने २०१० च्या शुद्धलेखन-ग्रंथात ठरवलं की लिहिताना तो एकाच सिलॅबलचा मानायचा आणि रेघ द्यायची नाही. बोलायचं कसं, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं. मला हा निर्णय पटतो: लिहिणं सगळ्यांचं एक राहतं, आणि कुणाचं बोलणं चुकीचं ठरत नाही.

'आगुदा', 'याना', 'एस्द्रुखुला' ही नावं पाठ करावी लागतात का?

परीक्षा द्यायची असेल तर उपयोग होतो. जोर शेवटच्यावर असेल तर शब्द आगुदा, शेवटून दुसऱ्यावर असेल तर याना, तिसऱ्यावर एस्द्रुखुला, त्याच्याही आधी सोब्रेस्द्रुखुला. शेवटच्या दोन प्रकारांना रेघ नेहमीच लागते. फक्त 'मेन्ते' वाले शब्द या हिशेबाबाहेर. एस्-[द्रु]-खु-ला हा शब्द स्वतः एस्द्रुखुला आहे, म्हणून तो लक्षात राहतो. आ-[गु]-दा मात्र आगुदा नाही, याना आहे. इथे मुलं दर वर्षी अडतात.

घरी सरावाला कोणते शब्द घेऊ?

आधी तीन-चार सिलॅबलचे रोजचे. बे-ने-[स्वे]-ला, को-[लोम्]-ब्या, ए-क्वा-[दोर्], बो-गो-[ता] ही नावं बातम्यांत येतातच; प्रत्येकाचा जोर तिथे का आहे हे स्वतःला सांगा. मग मुर्-[स्ये]-ला-गो (वटवाघूळ) घ्या, त्यात पाचही स्वर एकेकदा येतात.

त्यानंतर दाणे मांडून हे तीन. उत्तर झाकून ठेवा.

मानेच्या बाजूचा, डोकं वळवणारा स्नायू: एस्-तेर्-नो-क्लेय्-दो-मास्-तोय्-[दे]-ओ. नऊ सिलॅबल. 'क्लेय्' आणि 'तोय्' मध्ये संधी झाली आहे, शेवटी 'दे' आणि 'ओ' मात्र दोघे बळकट म्हणून सुटे.

'घटनाविरोधी रीतीने': आन्-ति-कोन्स्-ति-तु-स्यो-[नाल्]-[मेन्]-ते. नऊ सिलॅबल, दोन जोर, एकही रेघ नाही. विशेषण एलने संपतं, म्हणून 'नाल्'वर जोर आपोआप येतो.

मेंदूचा विद्युत आलेख काढणारा तंत्रज्ञ: ए-लेक्-त्रो-एन्-से-फा-लो-ग्रा-[फिस्]-ता. दहा सिलॅबल. 'त्रो' आणि 'एन्' यांच्यामध्ये बहुतेक जण एक दाणा विसरतात. तिथे दोन बळकट स्वर शेजारी आहेत. शेवटी [फिस्]-ता पासून सुरू करा, एकेक तुकडा मागे जोडत या, आणि दहाव्या दाण्याला पोचलात की पूर्ण शब्द एका श्वासात तीनदा म्हणा.